मोटारडोंग्यावरचा पहारा

९ नोव्हेंबर १९३७

मोटारबोट आली एकदाची. गोंदियाहून रेल्वेनं, आणि स्टेशनापासून बांधापर्यंत, म्हणजे आमच्या तळ्यापर्यंत, दोन बैलगाड्या एकीमागे एक बांधून. वाटेत इतके धक्के बसले की गाडीवान अजून कंबर धरून बसला आहे. अख्खं नवेगाव बघायला लोटलं होतं. एवढी माणसं माझ्या लग्नातही नव्हती. निम्मे बोट बघायला आले आणि निम्मे बोटीत काय काय आहे ते हेरून ठेवायला. मी तोंडं ध्यानात ठेवली आहेत.

जंगल खात्यातला एक साहेब विलायतेला निघाला म्हणून स्वस्तात मिळाली. इतक्या स्वस्तात काऊन देता, असं विचारलं तर नुसता हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

सोबत रामलाल मिस्त्री आला होता. गोंदियात मोटारलॉऱ्या दुरुस्त करतो. आल्या आल्या तीन कप चहा प्याला, मग बोटीत उतरून मास्तरासारखा शिकवू लागला. बोटीच्या मधोमध एक लाकडी पेटी आहे. तिच्यात इंजिन, शेजारी पेट्रोलची टाकी, आणि टाकीतून इंजिनात जाणारी तांब्याची नळी. पेटीच्या दोन अंगांना दोन भोकं.

"देखो मालक, ये दो छेद हवा के हैं. इनको कभी बंद नहीं करना. चालू करने के पहले ढक्कन खोलके पाव घंटा हवा खिलाना. नाक लगाके देखना. पेट्रोल की बास आयी तो हँडल को हाथ मत लगाना. बिडी, दिया, माचिस सब दूर. और नीचे का पानी रोज निकालना."

हवा खिलाना म्हणे! इंजिन आहे की दमेकरी? रोज पाव तास झाकण उघडं टाकायचं म्हणजे आतला सगळा माल गावाला दाखवायचा. आणि काही चोरीला गेलं की पुन्हा यालाच बोलवायचं. मिस्त्री लोकांची ही रीत मला चांगली ठाऊक आहे. चारापेक्षा जास्त माणसं बसवू नका, कमळाच्या वेलींत नेऊ नका, पंख्याला गुंडाळतात, एक बादली वाळू जवळ असू द्या, असंही पुष्कळ सांगितलं. मी मान डोलावली.

बुडातलं पाणी उपसायला आणि बोट धुवायला दुधराम ढिवराला ठेवलं. बापजाद्यांपासून आमच्याच तळ्यात मासे मारतो, म्हणजे आमचेच मासे. माणूस हसतमुख आहे. जास्त हसणाऱ्यावर नजर ठेवावी.

१४ नोव्हेंबर

आज पहिली फेरी. रुख्मिणीला घेऊन गेलो. लग्नाला नऊ वर्षं झाली, इतक्या वर्षांनी देवानं डोळे उघडले. तिला सहावा महिना लागला आहे. या लेकरासाठी मी किती उंबरठे झिजवले ते माझं मला ठाऊक. तेव्हा बोट अगदी हळू चालवली, तळ्यातल्या मालडोंगरी बेटाच्या बाजूला वळवून परत आणली. पाण्यात बुडलेल्या झाडांची खुंटं आहेत, ती दुधरामनं पुढं बसून हातानं दाखवली. बदकांचा थवाच्या थवा उठला. रुख्मिणी टाळ्या वाजवून हसली. तिला असं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं आणि माझं मन भरून आलं.

मग आठवलं, टाळ्या तिनं दुधरामनं "ते पाहा जी बाई" म्हटल्यावर वाजवल्या.

उतरताना म्हणाली, "डोस्कं धरलं माझं. पेटीतून कसा उग्र वास येऊन राहिला."

मी म्हटलं, "मोटार आहे, मोगऱ्याचा वास येणार आहे का?"

वहिनी घाटावर उभ्या होत्या. वहिनी म्हणजे माझ्या वारलेल्या मोठ्या भावाची बायको, निर्मलाबाई. घर त्यांच्याच हातात आहे. बोटीत बसा म्हटलं तर म्हणाल्या, "मी कायले बसू भाऊजी? मले पोहता येत नाही न मले मरायची घाई बी नाही." मला त्यात टोमणा वाटला.

१९ नोव्हेंबर

पेट्रोल जातं आहे.

बांबूची एक कामटी करून ठेवली आहे. टाकीत बुडवून रोज संध्याकाळी बघतो, सकाळी बघतो. काल संध्याकाळी चार बोटं होतं, आज सकाळी साडेतीन. बोट जागची हलली नाही. मग अर्धं बोट पेट्रोल गेलं कुठं? पेट्रोलला काही पाय नाहीत.

रुख्मिणीला सांगितलं तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "कोन नेईल ते? गावात मोटर तुमचीच एक."

"दुधराम."

"तो का पिऊन राहिला का?"

"आजकाल लोक काय पितील सांगता येत नाही."

ती हसली. वहिनीही हसल्या. दोघी एकदम हसल्या, म्हणजे आधी या गोष्टीवर बोलणं झालेलं असणार.

२१ नोव्हेंबर

दुधरामला समोर उभं केलं. म्हटलं, खरं बोल, काही करणार नाही.

"मालक, मी कायले नेऊ जी पेटरोल? माह्या घरी चिमणी हाय, तिले रॉकेल लागते. पेटरोल टाकलं त भडका होऊन झोपडी जाईन ना माही."

"तुला कसं ठाऊक भडका होतो ते?"

"मिस्त्री सांगे ना जी त्या दिशी. तुमच्या म्होरंच सांगे."

बोलणं तयार होतं. विचारायच्या आधी उत्तर तोंडात. खऱ्या माणसाला असं पटकन सुचत नाही, तो गोंधळतो. मी त्याला जाऊ दिलं, पण मनात गाठ मारून ठेवली.

२४ नोव्हेंबर

पुरावा सापडला. बोट बांधतो तिथं पाण्यावर रंग दिसले. तांबडा, हिरवा, जांभळा, मोराच्या पिसासारखा तवंग. पेट्रोल सांडलं की असाच दिसतो. म्हणजे चोर टाकीतून काढतो तेव्हा थोडं सांडतं. घाईत काढत असणार.

त्याहून मोठी गंमत. दुपारी दुधराम आपण होऊन सांगायला आला, "मालक, बुडातलं पानी उपसून फेकतो ना, त्यालेच वास मारते जी. घाटाजवळचे मासे बी वास मारून राहिले. बायको म्हणे, शिजवून पायलं, खाववत नाही."

घरात पेट्रोलचा वास येतो असं स्वतःच्या तोंडानं कबूल करतो, आणि दोष माशांवर! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. बरं म्हणून त्याला वाटेला लावलं. त्याला वाटलं मी भोळा आहे. वाटू दे.

२७ नोव्हेंबर

आज पेटीला लाख लावली. आपल्या जंगलातलीच लाख, वितळवून झाकणाच्या चारी बाजूंनी फटीत भरली आणि वर अंगठीची मोहोर उठवली. आता झाकण उघडलं की लाख फुटणार, लाख फुटली की चोर सापडणार. सरकारी खजिन्याला याहून वेगळं काय करतात? स्वतःवर खूश होऊन दोन पानं जास्त खाल्ली.

दुधराम बघत होता. "मालक, हवा कोठून लागन आत?" म्हणाला.

त्याला हवेची काळजी.

३ डिसेंबर

आज डोकं सुन्न झालं आहे. तहसिलीतले दोन पाहुणे बदकं मारायला आले म्हणून सकाळी लाख फोडली. फोडण्याआधी भिंग लावून चारी मोहरा बघितल्या. एकही तडा नाही. कामटी घातली तर पेट्रोल एक बोट कमी!

शिकार बरी झाली. माझं लक्ष नव्हतं. दिवसभर एकच विचार. मोहोर शाबूत आणि माल गायब. याचा अर्थ दोनच निघतात. एक, कोणीतरी माझ्या अंगठीचा ठसा घेऊन दुसरी अंगठी बनवली. अंगठी मी आंघोळीला काढतो, तेव्हा घरात कोण असतं? रुख्मिणी आणि वहिनी. दोन, भोकांतून रबराची नळी घालून तोंडानं ओढतात. लॉरीवाले असं करतात हे मी गोंदियाला डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि भोकं उघडी ठेवा असं ठासून कोण सांगून गेलं होतं? रामलाल!

दुवे जुळत चालले आहेत. मिस्त्रीनं भोकं उघडी ठेवायला सांगायची, दुधरामनं काढायचं, लॉरीनं गोंदियाला पोचवायचं. मी आज दोन्ही भोकं चिंध्या कोंबून वरून लाख ओतून बुजवली. झाकणालाही पुन्हा लाख. आता मुंगी शिरेल तर शपथ.

दुधरामला सांगितलं, आजपासून बोटीत पाय ठेवायचा नाही. पाणी उपसायचं नाही, धुवायचं नाही. तो म्हणाला, "मंग बुडात साचन ना जी." मी म्हटलं, साचू दे, माझी बोट आहे. तो आपला डबा घेऊन गेला. जाताना एकदा वळून पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते मी अजून ठरवतो आहे.

७ डिसेंबर

सातव्याचं डोहाळजेवण पौर्णिमेला धरलं आहे. नागपूरला मोठ्या घरांतून गर्भारणीला नावेत बसवतात. नाव कसली, पलंगाला पुठ्ठे लावतात आणि खाली निळी चादर अंथरून तिला पाणी म्हणतात. आपल्याकडं खरी मोटारबोट आणि खरा बांध आहे! चंद्र उगवायला रुख्मिणीला फुलांनी सजवून बोटीत बसवायचं, बायकांनी ओवाळायचं, गाणी म्हणायची, मग मी बोट चालवून तळ्यात एक फेरा मारायचा. पंचक्रोशीत असं कोणी केलं नसेल. नऊ वर्षं जे लोक माझ्या पाठीमागं कुजबुजत होते ते सगळे घाटावर उभे राहून बघतील.

रुख्मिणीला सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं.

"घरीच करा ना," म्हणाली. "पाटावर बसवा, झोपाळ्यावर बसवा. त्या फटफटीत नोको. नुसतं घाटावर गेली तरी मले मळमळून राहिलं."

"डोहाळे आहेत तुझे. परवा तुला चुलीची माती खावीशी वाटत होती, तसंच हे."

"माती खावीशी वाटे. हे जीव घाबरल्यावानी होते."

मी विचारलं, असं म्हण म्हणून कोणी सांगितलं? ती माझ्याकडं बघत राहिली आणि उठून आत गेली. उत्तर दिलं नाही, हेही एक उत्तरच आहे.

१० डिसेंबर

वहिनी मुद्दाम बोलायला आल्या. "भाऊजी, पोटुशी बाईचं नाक कुत्र्याच्या नाकाहून तेज असते. तिले वास येऊन राहिला म्हणजे असन काही. कायले हट्ट करता?"

वहिनींना मूलबाळ नाही. दादा गेल्यापासून सगळं घर, धानाची कोठी, किल्ल्या त्यांच्याच कमरेला. माझा वारस आला की किल्ल्या कुणाच्या कमरेला जातील? मी म्हणत नाही की त्या वाईट आहेत. मी फक्त लिहून ठेवतो.

त्यांना म्हटलं, "समारंभ बोटीतच होईल." त्या म्हणाल्या, "होऊ द्या मंग. देव पाहून घेईन." देवाचं नाव असं कोण घेतं?

१२ डिसेंबर

सकाळी एकटाच बोट बघून आलो. लाख शाबूत. बुडाच्या फळ्यांखाली पाणी साचलं आहे, वर तोच रंगीत तवंग, आणि वास खरोखरच आहे थोडा. म्हणजे चोर पुन्हा येऊन गेला! कुठून काढतो ते देवाला ठाऊक. लाख फोडून बघावं असं फार वाटलं. पण मनाला आवर घातला. आता फोडायची ती पौर्णिमेलाच, चारचौघांत, दुधराम समोर असताना. पेट्रोल कमी निघालं की तिथंच त्याचं मानगूट धरीन.

पाणी उपसायला कोणाला सांगावं? विश्वासाचा माणूस नाही. पौर्णिमेपर्यंत चालेल.

१४ डिसेंबर

आज उगाच महिने मोजले. बरोबर निघाले. तरी पुन्हा मोजले. बरोबरच आहेत.

१७ डिसेंबर, सकाळी

बोटीला केळीचे खांब आणि झेंडूच्या माळा लावून झाल्या. घाटावर सडा घातला. रुख्मिणी हिरव्या लुगड्यात लक्ष्मीसारखी दिसते. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे, ते सणाच्या गडबडीमुळं. आज दोन गोष्टी होणार. माझ्या लेकराचा सन्मान होणार आणि चोर सापडणार.

३० जानेवारी १९३८

आज पहिल्यांदा टाक धरता आला. उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकत नाहीत, म्हणून अक्षर असं वेडंवाकडं. जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो, कारण सगळ्यांनी मिळून ते वेगळंच ठरवलं आहे.

त्या संध्याकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. रुख्मिणी बोटीत बसली. बसून पुरता श्वासही घेतला नसेल, तोच तोंडाला पदर लावून उठली. "मले उतरवा. मले उतरवा म्हणते ना!" आणि काठावर येऊन ओकली. सगळ्या गावासमोर. मी म्हटलं, बस खाली, लोक बघतात. ती रडायला लागली. तेवढ्यात वहिनी पुढं आल्या, तिचा दंड धरला आणि मला म्हणाल्या, "ती बसत नाही. समजलं का भाऊजी? नाही बसत!" घरच्या माणसानं माझ्यावर आवाज चढवलेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, तोही घाटावर.

मग वहिनींनीच ठरवलं. दुधरामचा डोंगा बाजूला बांधला होता. त्यात चटई टाकली, माझ्या बोटीवरच्या माळा काढून त्याला लावल्या, आणि रुख्मिणीला त्यात बसवलं. दुधरामनं डोंगा वल्ह्यानं काठाकाठानं पलीकडच्या पिंपळापाशी नेला, तिथं बायका गाणी म्हणू लागल्या. माझी बायको, माझं डोहाळजेवण, आणि मासेमाऱ्याच्या डोंग्यात! आणि मला विचारायचं आहे, त्या डोंग्याला मासळीचा वास नव्हता का? तो बरा चालला तिला. पेट्रोलचा तेवढा चालत नाही! तिथंच माझी खात्री पटली की हे सगळं आधी ठरलेलं होतं.

माझं डोकं भणाणलं. म्हटलं, आता चोरीच उघडी पाडतो. बोटीत उतरलो, मोहरा सगळ्यांना दाखवल्या, लाख फोडली, झाकण उघडलं. अंधारून आलं होतं, आत दिसेना. घाटाच्या पायरीवर ओवाळायचं ताट राहिलं होतं. त्यातलं निरांजन उचललं आणि टाकीत किती उरलंय ते बघायला खाली धरलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. आवाज आठवतो, दार आपटल्यासारखा. मग मी पाण्यात होतो आणि पाण्यावरही आग होती. केसांत धरून मला कोणीतरी ओढत होतं. तो दुधराम होता. रुख्मिणीचा डोंगा पिंपळाच्या मुळीला बांधून तो पोहत आला होता म्हणे. बोट पाण्याच्या रेषेपर्यंत जळून गेली. माझे दोन्ही हात भाजले, मिशा, भिवया गेल्या. रुख्मिणी आणि लेकरू सुखरूप आहेत. हे लिहिताना माझे डोळे भरून आले, आणि ते खरं आहे. ती जर बसली असती तर! ही गोष्ट मनात आली की मला अजून झोप लागत नाही.

पण झोप लागत नाही म्हणून मी विचार करतो, आणि विचार केला की प्रश्न पडतात. ती उतरली काऊन? नेमकी त्याच दिवशी, नेमकी त्याच वेळी? दुधराम इतक्या चटकन कसा पोचला? डोंगा दूर नेण्याची त्याला घाई कसली होती?

२ फेब्रुवारी

ठाणेदार आले होते तेव्हाचं लिहायचं राहिलं. आगीनंतर आठवड्यानं आले. हातांना फडकी बांधून मी खाटेवर. त्यांनी विचारलं, कोणावर संशय? मी दुधरामचं नाव सांगितलं. त्याला बोलावून बसवून ठेवलं. गोंदियाहून रामलालला आणलं, त्यानं जळलेल्या इंजिनाची नळी काढून दाखवली. जोडावर सैल झाली होती म्हणे, गाडीच्या धक्क्यांनी. थेंब थेंब पेट्रोल बुडात गळत होतं.

"चोर वोर कोई नहीं था साहब. और ये छेद किसने बंद किये? लाख किसने डाली?" असं मोठ्यानं विचारत होता. स्वतः जोड नीट बसवला नाही, त्याचं काय? आपली मान सोडवायला कोणीही असंच बोलेल.

तेव्हा रुख्मिणी दारामागून बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर, पदर घेऊन, पोट सांभाळत. म्हणाली, "मी सांगते. मले पहिल्या दिवसापासून वास येत होता. मी ह्यायले सांगितलं. वहिनीनं सांगितलं. दुधरामनं सांगितलं. ह्यायनं सगळ्यायले चोर केलं न पेटी बंद केली. त्या माणसाले घरी जाऊ द्या जी. त्यानं माहं कुंकू वाचवलं."

ठाणेदारांनी दुधरामला सोडलं. मला म्हणाले, "पाटील, बाई नशीबवान आहेत." कशाबद्दल ते बोलले नाहीत.

रात्री मी तिला विचारलं, माझ्याविरुद्ध बोललीस? ती म्हणाली, "तुमच्याच बाजूनं बोलली मी. खोट्यापायी तो जेलात गेला असता त तुम्हाले झोप आली असती का?" मी म्हटलं, झोप तशीही येत नाही.

९ फेब्रुवारी

आज स्वतःच्या हातानं जेवलो. जवळजवळ दोन महिने रुख्मिणी भरवत होती. एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. ठाणेदार येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं वरणभाताचा घास माझ्या तोंडाशी आणला आणि मी, कसं कोण जाणे, आधी त्याचा वास घेतला. तिनं पाहिलं. तो घास तिनं स्वतः खाल्ला. नीट चावून गिळला. मग दुसरा कालवून माझ्या तोंडात घातला. त्या दिवसापासून रोज पहिला घास तीच खायची. मी तसं करायला सांगितलं नव्हतं. नको असंही म्हटलं नाही.

आज मी हातानं जेवत होतो आणि ती समोर वारा घालत होती. मधेच म्हणाली, "आता मी नसली तरी चालेल तुमचं."

१६ फेब्रुवारी

रुख्मिणी आज बाळंतपणाला भंडाऱ्याला गेली, माहेरी. नववा लागला. तिचा भाऊ छकडा घेऊन आला होता. वहिनींनी तिची ओटी भरली आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. वहिनी तर लहान पोरीसारख्या रडत होत्या. दुधराम एक ताजा रोहू घेऊन आला होता. फाटकाबाहेरच उभा राहिला, आत आला नाही. मी मासा ठेवून घ्यायला सांगितलं. शिजवू द्यायचा की नाही ते बघू.

मी तिला छकड्यापर्यंत सोडायला गेलो. हात धरून चढवलं. माझ्या बोटांच्या नव्या गुलाबी कातडीवरून तिनं अंगठा फिरवला आणि विचारलं, "दुखते का?" मी म्हटलं, नाही. मला तिला सांगायचं होतं की लवकर ये, घर खायला उठेल. तसं सांगितलंही. ती हसली, तिचे डोळे भरले होते.

मग भाऊ बैल जुंपायला पुढं गेला तेव्हा ती वाकून हळूच म्हणाली, "बाळ पाह्याले याल ना, तवा तोंडवळा कोनाचा हाय ते पाहू नका. नुसतं बाळ पाहा."

छकडा निघाला. बांधाच्या वळणापर्यंत दिसत होता. मी फाटकात बराच वेळ उभा होतो.

तोंडवळ्याची गोष्ट मी कधी तोंडातून काढलेली नाही. मनात आली असेल, पण बोललो नाही, कोणापाशीही नाही. मग ती असं काऊन म्हणाली? कुणी सांगितलं तिला? की तिलाच आधीपासून काही ठाऊक आहे? दुपार झाली, जेवणावर वासना नाही. सकाळपासून त्याचाच विचार करून राहिलो.